टियागो ईव्ही साताऱ्यात: इंजिनाचे पार्ट तपासणाऱ्या बाईचा अभिप्राय

टाटा टियागो ईव्ही, मोठी म्हणजे २४ किलोवॉट-अवरची (२४ युनिट वीज मावणारी) बॅटरी असलेली. २०२४ मध्ये घेतली. घर शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, आणि रोजची धाव जावळीत मेढ्याच्या पुढपर्यंत. निकाल आधीच सांगून टाकते. घराला स्वतःच्या पार्किंगची जागा आहे, तिथपर्यंत पंधरा अँपिअरचा प्लग ओढता येतो आणि गाडी रोज पन्नासेक किलोमीटर पळते, अशांनी ही गाडी जरूर घ्यावी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर घाई करू नये. अशा घरांचा हिशेब खाली वेगळा मांडला आहे.

आता मी कोण ते सांगायला हवं, कारण गाडी घेतल्यापासून त्यावरूनच मला जास्त प्रश्न आले. मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे व्हॉल्व्ह गाइड बनतात. इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह ज्या नळीतून वर-खाली होतो, ती ही बोटाएवढी नळी. तिच्या भोकाचा व्यास एअर गेजवर तपासायचा, काटा मर्यादेबाहेर गेला की पीस लाल क्रेटमध्ये टाकायचा, हे माझं काम. दोन-चार मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांवरून, भांडणं होतात. सातारा हे तसं गाड्यांच्या कामावर पोट असलेलं गाव. प्रिया स्कूटर बनवणारा महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथलाच, सिलिंडर लायनरसाठी ओळखले जाणारे कूपरही इथलेच, आणि त्यांच्या आजूबाजूला आमच्यासारखी कितीतरी वर्कशॉपं. इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नसतो, मग गाइड कुठला? मग इंजिनाच्या पार्टवर घर चालवणाऱ्या बाईनं इलेक्ट्रिक गाडी घेतली कशी, असं लोक विचारतात. रागानं विचारणारेही आहेत. प्रश्न रास्त आहे, म्हणून गाडीबरोबर त्याचंही उत्तर इथेच लिहिते.

त्यासाठी २०१९ पर्यंत मागे जावं लागेल. मंदी म्हणजे काय हे आमच्या शॉपनं त्या वर्षी पाहिलं. दर महिन्याच्या अखेरीला पुढच्या महिन्याचं शेड्यूल येतं, कुठला पार्ट किती हवा त्याचा कागद. तो कागद त्या वर्षी महिन्यागणिक हलका होत गेला. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी पाळी. मग कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना ब्रेक दिला, आणि तो ब्रेक संपलाच नाही. खटाव-माणकडची पोरं होती, घरी शेती पावसावर. काही जण हिशेब घेऊन जाताना आमच्या टेबलापाशी येऊन नमस्कार करून गेले. काही साइझचे गेज लागेनासे झाले, ते मी स्वतः तेल लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवले. त्याच ऑगस्टात खाली सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, महामार्ग बंद पडला, आणि तयार झालेला थोडका मालही काही दिवस अडकून बसला.

देशाचा आकडाही तसाच होता. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी घसरली. सियाम ही वाहन उत्पादकांची संघटना १९९७-९८ पासून आकडे ठेवते, तेव्हापासून एवढी घसरण झालेली नव्हती. मारुतीनं ७ आणि ९ सप्टेंबरला गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने बंद ठेवले. मोठ्या कंपनीत दोन दिवस काम थांबलं की आमच्यासारख्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या पुरवठादाराकडे त्याची कळ किती दिवस पुरते, ते इथल्या माणसाला विचारा.

तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एकच चर्चा असायची: इलेक्ट्रिक गाड्या येणार, म्हणून हे सगळं बसलंय. नीती आयोगानं १५० सीसीच्या आतल्या दुचाकी २०२५ पासून इलेक्ट्रिकच असाव्यात असं सुचवलं होतं, ती बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. जुलैअखेरीला जीएसटी परिषदेनं इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, तो १ ऑगस्टपासून लागू झाला, आणि इकडे पेट्रोलच्या छोट्या गाडीला २८ टक्के आणि वर सेस. राग येणं साहजिक होतं. मला मात्र हे कारण तेव्हाही पटत नव्हतं. त्या काळात देशात वर्षाला इलेक्ट्रिक कार विकल्या जात होत्या चार हजारांच्याही आत, आणि एकूण प्रवासी गाड्या सत्तावीस लाखांच्या पुढे. एवढ्याशा आकड्यानं आमचं शेड्यूल कसं बुडेल? बुडवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कर्जफेडीत चुकली आणि बिगरबँक वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला. खेड्यापाड्यात गाडीचं कर्ज देणारे तेच. त्याच महिन्यापासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं, त्यामुळे सुरुवातीलाच जास्त पैसे मोजावे लागले. जुलै २०१८ मध्ये ट्रकची भारमर्यादा वाढवली, म्हणजे आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल बसायला लागला आणि नव्या ट्रकची निकड कमी झाली. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागणार होतं, तेव्हा आत्ता घ्यावी की थांबावी अशा विचारात गिऱ्हाईक थांबून राहिलं. ही सगळी कारणं पेट्रोल-डिझेलच्याच दुनियेतली होती. ‘लोक इलेक्ट्रिकची वाट बघतायत’ असं म्हणून कर्जाची अडचण, विम्याचा बोजा, शेतीतली ओढाताण, सगळंच झाकलं जात होतं.

त्यातून जरा सावरतोय तोवर लॉकडाऊन आलं. एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं देशातली विक्री शून्य असल्याचं जाहीर केलं. शून्य हा आकडा विक्रीच्या तक्त्यात मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

या दोन वर्षांनी आमच्या घराला एक शिस्त लागली: मोठा खर्च करायचा तर वहीत मांडून. गाडीची गरज खरी होती. आमचे हे जावळीत शिक्षक आहेत. आधी मोटरसायकलवरून जायचे. मेढ्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शाळेच्या फेऱ्या, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, सुट्टीला माहेरी पाटणला जाणं, सगळं धरून महिन्याला पंधराशे किलोमीटर होतात. वहीत हिशेब असा मांडला होता. छोटी पेट्रोल गाडी आमच्या चढ-उताराच्या रस्त्याला लिटरमागे सतराच्या आसपास देते. पेट्रोल १०४ धरलं तर किलोमीटरला सहा रुपयांच्या वर. इलेक्ट्रिकचं म्हणाल तर मी गाडीच्या प्लगला वेगळा मीटर लावून घेतला आहे. भिंतीतून ओढलेल्या एका युनिटला सात किलोमीटर पडतात. गाडीच्या पडद्यावर आकडा आठपर्यंत दिसतो, पण चार्ज करताना थोडी वीज वाया जाते आणि बिल तर भिंतीतल्या मीटरवरच येतं, म्हणून सातच धरा. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटच्या पुढे चांगलाच चढतो. सगळे आकार धरून तेरा-चौदा रुपये युनिट पकडलं तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपयांच्या वर वाचतात, महिन्याला सव्वासहा हजार.

किमतीतला फरकही बघायचा. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रस्ताकर माफ, तर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. ते धरूनही त्या वेळी रस्त्यावर येईपर्यंत आम्हाला पेट्रोल मॉडेलपेक्षा तीन लाखांच्या आसपास जास्त पडले. सव्वासहा हजारांनी तीन लाख भरून निघायला चार वर्षं लागतात. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, म्हणजे उरलेली चार वर्षं निव्वळ आपली. हे पटलं म्हणून घेतली. आयकरात इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंतची सूट मिळायची, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आमचं कर्ज नंतरचं, तेव्हा ती धरली नाही. शोरूमवाला अजूनही त्या सुटीचं आमिष दाखवत असेल तर तारीख विचारा.

आता अर्थिंग. विकताना याबद्दल कोणी धड बोलत नाही, आणि आमच्याकडच्या जुन्या घरांत खरा घोळ इथेच होतो. गाडी घरी आली, पोर्टेबल चार्जर पंधरा अँपिअरच्या प्लगला लावला, हिरवा दिवा लागेना, लालच पेटला. आम्हाला वाटलं चार्जर खराब. वायरमन आला, त्यानं टेस्ट लॅम्प लावून पाहिला. फेज-न्यूट्रलवर दिवा झगझगीत, फेज-अर्थवर नुसता मिणमिणता. घर बांधताना घातलेलं अर्थिंग केव्हाच कोरडं पडून मेलं होतं. फ्रिज, मिक्सर, गिझर सगळं इतकी वर्षं त्या मेलेल्या अर्थिंगवर चालत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. चार्जर मात्र अर्थ मिळाल्याशिवाय करंट सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पावसात ओल्या फरशीवर उभं राहून आपण चार्जरचा दांडा हातात धरतो. मग अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. खाली तांब्याची प्लेट, भोवती मीठ आणि कोळसा थरावर थर, वर पाणी ओतायला पाइप. प्लगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, वेगळा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी. संध्याकाळी आरसीसीबीच्या अलीकडे पुन्हा टेस्ट लॅम्प लावला, दोन्हीकडे दिवा सारखा पेटला. त्या रात्री गाडी पहिल्यांदा चार्जिंगला लागली. खर्च काही हजारांत जातो, पण तो गाडीचाच खर्च समजून आधीच धरा, आणि गाडी बुक करायच्या आधी वायरमन बोलवा. उन्हाळ्यात त्या पाइपातून खड्ड्यात पाणी घालत राहायचं, हे सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. तुळशीला घातलं की उरलेलं तिकडे.

घरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला जवळजवळ पूर्ण रात्र जाते. रोज रिकामी होतच नाही, त्यामुळे तीन-चार तासांत काम होतं. पावसाळ्यात वीज गेली आणि मध्येच चार्जिंग तुटलं, तर परत आल्यावर आपोआप सुरू होतं.

चालवायला कशी? सुखाची. पोवई नाक्यावर, राजवाड्यापाशी, मोती चौकात गर्दीत क्लच दाबून पाय दुखायचे ते गेलं. शाहूनगरचा चढ ती आवाज न करता चढते. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकांच्या जोरावर फिरणारी मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि गाडी मंद होते. त्याची ताकद आपल्याला कमी-जास्त करता येते. सुरुवातीला मागे बसलेल्यांना मळमळतं, म्हणून घरची माणसं बरोबर असली की मी ते कमी ठेवते. मोटर ७५ अश्वशक्तीच्या आतबाहेरची, आकडा मोठा नाही, पण ओव्हरटेक करताना पाय दाबला की ताकद लगेच हाताशी येते. मेढ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकणाऱ्यांना याचं मोल कळेल.

रेंजचं स्पष्ट लिहिते. गाडी बाजारात आली तेव्हा कागदावर आकडा होता ३१५ किलोमीटर. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आकडा, पेट्रोल गाडीच्या जाहीर मायलेजसारखाच. आमच्या वापरात पूर्ण चार्जवर १८० ते २०० मिळतात, एसी लावून महामार्गावर पळवली तर त्याच्याही आत. रोजच्या धावेला हे भरपूर आहे. ज्याला ३१५ वर भरवसा ठेवून कोल्हापूरला जाऊन परत यायचंय, त्यानं तसं करू नये.

कासची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण घाटात इलेक्ट्रिक गाडी बंद पडते असं मला दर दोन दिवसांनी कोणीतरी ऐकवतं. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून कासचं पठार पंचवीसेक किलोमीटर. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आणि पठार बाराशेच्या. म्हणजे माणसांसकट साडेचौदाशे किलोचं वजन पाचशे मीटर वर न्यायचं. शाळेत शिकलेलं गणित करून पाहिलं तर नुसतं तेवढं उचलायलाच जवळपास दोन युनिट लागतात. त्यात चालण्याची तीन युनिट धरली की पाच, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा. पडद्यावर नेमकं तेच दिसतं: वर जाताना वीस-बावीस टक्के उतरतात. आणि येताना? उतारावर मोटर वीज परत भरत येते, तेव्हा जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरला एकूण तीस टक्क्यांच्या आत काम होतं. यवतेश्वरच्या वळणांवर ब्रेकवर पाय ठेवायची वेळ क्वचित येते. पेट्रोल गाड्या घाट उतरून आल्यावर ब्रेक तापल्याचा जो वास येतो, तो इथे नाही. वर दाट धुक्यात गाडी उभी करून खिडकी उघडली तर पाखरांचे आवाज ऐकू येतात. एवढ्यासाठीसुद्धा कासच्या पार्किंगला चार्जर असावेत असं मला मनापासून वाटतं. जागतिक वारशाच्या यादीतलं पठार आहे ते, तिथे धुराच्या गाड्या जितक्या कमी जातील तितकं बरं.

पुण्याला दादाकडे जाणं हा या गाडीचा कस लावणारा प्रवास. एका बाजूनं एकशे दहा किलोमीटर. जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून, येताना घाट चढून. जाणं आरामात होतं, दादाकडे रात्रभर प्लगला लावली की परतीची चिंता नाही. त्याच दिवशी परत यायचं असेल तर मात्र मध्ये फास्ट चार्जर शोधावा लागतो. दहा ते ऐंशी टक्के व्हायला तासाभराच्या आत वेळ लागतो, तेवढ्यात जेवण होतं. अडचण वेगळीच. शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलापाशी अॅपवर चार्जर ‘चालू’ दाखवत होता, जाऊन पाहिलं तर मशीन बंद, वॉचमन म्हणाला, “ताई, लई दिस झालं बंद हाय.” सोबत सासूबाई होत्या, बाहेर ऊन, बॅटरी तिशीच्या खाली. पुढचा चार्जर मिळाला, पण तिथे चार्जिंगची एकच गन आणि आमच्या आधी दोन गाड्या. चार्जर लावणाऱ्या कंपन्यांनी उद्घाटनाच्या फोटोइतकीच काळजी दुरुस्तीची घेतली तर निम्मे लोक उद्या इलेक्ट्रिक घेतील. तोवर माझा नियम: महामार्गावर चाळीस टक्क्यांच्या खाली यायच्या आत थांबायचं आणि निघण्याआधी चार्जरवर फोन लावून विचारायचं.

टोलबद्दल बराच गैरसमज आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून राज्यानं इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला तो मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर. आपल्या आनेवाडीला आणि खेड शिवापूरला भरावाच लागतो.

उणं काय? स्टेपनी नाही. तिची जागा बॅटरीनं घेतली आहे, मिळतं ते पंक्चरचं किट. जावळीत खडीच्या रस्त्यावर टायर फाटला तर किटनं भागणार नाही, तेव्हा लांब जाताना ओळखीच्या टायरवाल्याचा नंबर जवळ ठेवावा. डिकी २४० लिटरची, दोन बॅगा आणि गहू दळायला न्यायचा डबा एवढं बसतं, लग्नाचं सामान नाही. मागे तिघं मोठी माणसं पुण्यापर्यंत अंग चोरून बसतात. सर्व्हिसिंगला इंजिनाचं तेल बदलणं, ऑइल फिल्टर, क्लच हे काही नसल्यामुळे बिल लहान येतं. पण बिघाड बॅटरीचा किंवा कंट्रोलरचा असेल तर आपला नेहमीचा गॅरेजवाला हात लावू शकत नाही. ते शिकलेली माणसं साताऱ्यात अजून मोजकी आहेत, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

गाडी घेतली त्या आठवड्यात मी ती कारखान्यात नेली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले. आमच्या शॉपमध्ये ग्राइंडिंगला एक मामा आहेत, माझ्या आधीपासूनचे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, चष्मा वर करून आत वाकून बराच वेळ पाहिलं. नारिंगी जाड वायरी, चांदीसारखा डबा, बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मग म्हणाले, “ताई, ह्यात आपला पार्ट कुटं बसतो?” मी म्हटलं, “नाही बसत, मामा.” कोणी काही बोललं नाही. पिस्टन नाही, लायनर नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. साताऱ्यात ज्यावर घरं उभी राहिली ते सगळंच त्या बॉनेटखाली नव्हतं.

त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच इथे देते. २०१९ ला आपलं काम गेलं ते इलेक्ट्रिकमुळे गेलं नव्हतं, कर्ज आटल्यामुळे आणि नियम एकावर एक आल्यामुळे गेलं होतं. मागणी परतली तशी गाइडची शेड्यूलही परतली. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर, हायब्रिड गाड्या यांना इंजिन लागतच राहणार आहे. पण छोट्या गाड्यांचं काम हळूहळू सरकणार हेही खरं आहे, आणि ते सरकत असताना पुन्हा मंदी आली तर दोन्ही घाव एकदम बसतील. त्याची तयारी आत्ता, हातात शेड्यूल असताना करायला हवी. मोटरचा शाफ्ट, रिडक्शन गिअर, बेअरिंगच्या जागा, हे सगळं मायक्रॉनचंच काम आहे. आमचे ग्राइंडर आणि आमचे एअर गेज त्याला चालतात. मामांच्या हाताला जे कळतं ते मोटरच्या शाफ्टलाही लागतंच. हवी आहेत ती अशी ऑर्डर मिळवायला लागणारी बाकीची नवी यंत्रं आणि त्यासाठीचं कर्ज. कारखान्यांना जाहीर होणारी सवलत मोठ्या कंपनीच्या दारात थांबते, आमच्यापर्यंत पोचता पोचता तिचं काही उरत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, चांगलंच झालं, पण भागीदारीत चालणाऱ्या वर्कशॉपला त्याचा काय उपयोग? आणि गाड्यांवरचा जीएसटी कमी करा, ही तेव्हाची मागणी मान्य व्हायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडलं.

त्या कपातीमुळे माझा वहीतला हिशेबही बदलतो, आणि आज घेणाऱ्यानं तो नव्यानं मांडावा. छोट्या पेट्रोल गाड्या आता १८ टक्क्यांत आल्या, इलेक्ट्रिक पाचावरच आहे, म्हणजे दोघींच्या किमतीतलं अंतर वाढलं. ज्यांची धाव महिन्याला सहाशे किलोमीटरच आहे, त्यांचे तीन लाख भरून यायला दहा वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी त्याआधी संपते. अशांनी पेट्रोलचीच घ्यावी, आणि ती घेतली म्हणून आमच्या शॉपला दोन पीस जास्त लागतील याचा मला आनंदच आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि ज्यांच्या सोसायटीत प्लग ओढायला परवानगी मिळत नाही त्यांनीही थांबावं. नुसत्या बाहेरच्या चार्जरवर ही गाडी पाळणं महागात पडतं. उलट रोज मेढा, कोरेगाव, वाई, उंब्रज अशी ये-जा करणारे शिक्षक, ग्रामसेवक, नर्सताई, बँकेतली माणसं, यांच्यासाठी मला तरी यापेक्षा किफायतशीर चारचाकी दिसत नाही. घरावर सोलर असेल तर विचारच नको. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. आमचाही अर्ज भरून झाला आहे.

मागण्या दोनच आहेत. मेढ्याच्या रस्त्याला मला अजून भरवशाचा फास्ट चार्जर सापडलेला नाही. एसटी स्टँडाच्या आवारात सातारा आणि मेढा दोन्हीकडे एकेक बसवला तर शेकडो नोकरदारांची सोय होईल. आणि साताऱ्याच्या आयटीआयमध्ये हाय व्होल्टेज बॅटरीवर सुरक्षित काम करायचं शिक्षण जोरात चालू व्हावं, त्यात वर्कशॉपमधल्या पंचेचाळीशीच्या माणसांसाठी संध्याकाळची बॅच असावी. आमच्या शॉपमधल्या सात जणांनी नावं द्यायची तयारी दाखवली आहे. मामांचं नाव त्यात पहिलं आहे. बॅच सुरू होत असल्याचं कोणाला कळलं तर कृपया इथे लिहा.